पेटी काळी एकात, गिटार सीत : कॅपो नेमका लावायचा कुठे?

आर्वीकडचा_गिटारवाला

नमस्कार मंडळी. आर्वी तालुक्यात आमचं गाव. गावात गुरुदेव सेवा मंडळ आहे. संध्याकाळी सामुदायिक प्रार्थना झाली की खंजेरी भजनाला बसतो. पेटी, ढोलक, खंजेरी, टाळ आणि आता माझी गिटार. गिटार मोबाइलवर बघून शिकलो. सी, जी, डी, ए मायनर, ई मायनर हे शेप (कॉर्डसाठी बोटांचे आकार) हातात बसलेत, एफ अजून खरखर करतो.

अडचण अशी की पुरुष मंडळी गातात तेव्हा पेटीवाले काका काळी एक धरतात, म्हणजे पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीला सा. महिला मंडळाचं भजन असलं की काळी चार, कधी काळी पाच. शोधलं तर काळी एक म्हणजे सी शार्प निघालं, आणि त्याच्या कॉर्ड पाहिल्या तर सगळ्या बार, म्हणजे एक बोट तारांवर आडवं दाबून धरायच्या. दोन भजनं झाली की डाव्या अंगठ्याच्या बुडाशी गोळा येतो.

नागपूरहून स्प्रिंगचा कॅपो आणलाय, म्हणजे गिटारच्या मानेवर फ्रेटला (पडद्याला) लावून सगळ्या तारा एकदम दाबणारा चिमटा. व्हिडिओवाले सगळे "दुसऱ्या फ्रेटला लावा आणि जी वाजवा" एवढंच सांगतात, काळी-पांढरीचं कोणीच बोलत नाही. तर काळी एकला कॅपो कुठे आणि शेप कोणते? महिलांची पट्टी आली की कॅपो सरकवायचा की शेप बदलायचे? आणि काका मधेच म्हणतात "हे मध्यमातून घे", तेव्हा मी काय करू?

सहा_तारा_यवतमाळ

भाऊ, आधी एक गोष्ट पक्की करा, बाकी सगळं त्यातूनच निघतं. हात जो आकार धरतो त्याचं नाव वेगळं आणि कानाला जी कॉर्ड ऐकू येते तिचं नाव वेगळं. कॅपो नसतो तेव्हा दोन्ही एकच असतात, म्हणून फरक लक्षात येत नाही. कॅपो लावला की हात सीच धरतो, पण वाजतं दुसरंच.

किती दुसरं? एक फ्रेट म्हणजे पेटीवरचा लगतचा एक सूर, काळा असो की पांढरा, यालाच एक घर म्हणतात. पांढरी एक म्हणजे सी. पहिल्या फ्रेटवर कॅपो लावून सीचा शेप धरला की काळी एक. दुसऱ्यावर पांढरी दोन, तिसऱ्यावर काळी दोन, चौथ्यावर पांढरी तीन. आता नीट बघा, पांढरी तीन आणि पांढरी चार यांच्यामधे काळी नाही. त्यामुळे पाचव्यावर थेट पांढरी चार येते. मोजताना लोक इथेच चुकतात, मनातल्या मनात तिथे एक काळी घालतात. तसाच प्रकार पांढरी सात आणि वरची पांढरी एक यांच्यात. बाकी सगळीकडे दोन पांढऱ्यांमधे एक काळी आहे.

तर तुमचं काळी एकचं उत्तर : कॅपो पहिल्या फ्रेटवर, शेप सी, ए मायनर, एफ, जी. ऐकू येईल सी शार्प, ए शार्प मायनर, एफ शार्प, जी शार्प. बार कॉर्डपैकी फक्त एफ उरला. तोही नको असेल तर खालच्या चार तारांचा छोटा एफ धरा आणि पातळ तार मोकळी सोडा, भजनात चालून जातं.

महिलांसाठी तर मजाच आहे. काळी चारला पहिल्या फ्रेटवरच कॅपो ठेवून जीचे शेप वाजवा : जी, सी, डी, ई मायनर. काळी पाचला तेच शेप, कॅपो तिसऱ्यावर. यात एकही बार नाही. म्हणजे गावात ज्या पट्ट्यांना गिटारवाले घाबरतात त्याच कॅपोनं सगळ्यात सोप्या होतात.

मोर्शीचा_संत्रावाला

धागा वाचतोय. आमच्याकडे भीमजयंतीच्या कार्यक्रमात हाच घोळ होतो. गायक बदलला की पट्टी बदलते आणि गिटारवाला फक्त मान हलवत बसतो.

पेटीवाला_दर्यापूर

लेकरा, तुह्या काकाची बाजू सांगतो, कारन मी बी पेटीवालाच हाय. काळी एक आमी हौसेनं नाई धरत. गड्याचा आवाज खालच्या सा पासून वरच्या सा परेंत बिनत्रासाचा जिथं फिरते, तिथं पेटीचा सा धरा लागते. बायांचा आवाज त्याच्याहून सात ते नऊ घरं वर. म्हनून काळी चार, काळी पाच. पेटी गळ्यामागं जाते, गळा पेटीमागं नाई जात. मंग गिटारनं कोनामागं जावं थे तूच ठरव.

आता मध्यमाचं. काळी एक पट्टीत पेटी हाय. काका म्हनते "मध्यमातून घे", मंजे पेटीचा जो मध्यम थोच आता भजनाचा सा. काळी एकचा मध्यम कोनता? मोज : पांढरी दोन, काळी दोन, पांढरी तीन, पांढरी चार, काळी तीन. पाच घरं. मंजे तुह्या लेखी पट्टी झाली काळी तीन. काका पेटीवर काईच हलवत नाई, फक्त बोटं दुसऱ्या जागी जाते, म्हनून त्याले सोपं वाटते आन् तुले धक्का बसते.

अजून एक, रागावू नको. हे पोट्टे गिटार घेऊन येते आन् सगळ्या भजनाले एकच खुशीची कॉर्ड ठोकते. भजनात कोमल गंधार लागला असंन तर तुही मेजर कॉर्ड त्याच्या उरावर बसते. कॅपो लावून थे काई सुधरत नाई. पट्टी बरोबर आली तरी कॉर्ड चुकीचीच राहते.

सहा_तारा_यवतमाळ

काका म्हणतात ते शंभर टक्के. मध्यमाचं गिटारवरचं उत्तर देतो. काळी तीन म्हणजे एफ शार्प. दुसऱ्या फ्रेटवर कॅपो आणि ईचे शेप, किंवा चौथ्यावर कॅपो आणि डीचे शेप.

मला स्वतःला यात सगळ्यात आवडणारी गोष्ट म्हणजे भैरवी. कार्यक्रमाच्या शेवटी भैरवी येतेच, आणि बरेचदा मध्यमातूनच. भैरवीत रे, ग, ध, नी कोमल. गिटारवर ई मायनरला सा धरलं तर हे सूर म्हणजे ई, एफ, जी, ए, बी, सी, डी. पेटीच्या भाषेत निव्वळ पांढऱ्या. म्हणून ई मायनर, एफ, जी, ए मायनर, सी, डी मायनर या कॉर्ड तयारच मिळतात आणि एफ सोडला तर सगळ्या मोकळ्या तारांच्या. कॅपो दुसऱ्या फ्रेटवर टाका, झाली काळी एकच्या मध्यमातली भैरवी.

फक्त एक सवय मोडावी लागेल. सिनेमाच्या गाण्यात ई मायनरनंतर बी सेव्हन वाजवायची सवय असते. त्या कॉर्डमधे शुद्ध नी आहे. भैरवीत गायक कोमल नी वर उभा असताना तो वाजला की पेटीवाल्या काकांची नजर तुमच्याकडे वळेल. त्याऐवजी डी मायनर किंवा एफवरून सा वर या.

भूप रागातल्या भजनांनाही हेच लावा. भूपात म आणि नी नाहीतच. सीच्या शेपमधे एफ म्हणजे मध्यम घुसवणं आणि जीमधे नी आहे. सी आणि ए मायनर एवढ्यावर अर्ध्याहून जास्त भजन निघतं, आणि तेच कानाला बरं लागतं.

ऑर्केस्ट्रा_अकोला

मी जरा वेगळं बोलतो. कॅपो ही कुबडी आहे. एकदा लागली की सुटत नाही. भाऊ, रोज थोडा वेळ बार कॉर्ड घोटा. दोन शेप पक्के झाले, एक सहाव्या तारेवरून, एक पाचव्या तारेवरून, की बाराही पट्ट्या तुमच्या. स्टेजवर गायकानं ऐन वेळी पट्टी एका घरानं खाली मागितली तर कॅपोवाला शोधाशोध करतो, बारवाला नुसता हात सरकवतो. आणि खाली जायचं असेल तर कॅपो काय करणार? तो फक्त वर नेतो.

सहा_तारा_यवतमाळ

बार यायलाच पाहिजे, यावर वाद नाही. पण कुबडी हा शब्द मला पटत नाही, आणि कारण हौसेचं नाही, आवाजाचं आहे.

बारमधे सगळ्या तारा दाबलेल्या. कॅपोमधे मोकळ्या तारा मोकळ्याच राहतात, फक्त वर सरकतात. भजनाला याचा काय उपयोग ते सांगतो. काळी एकसाठी सीचा शेप पहिल्यावर सांगितला, पण मी स्वतः चौथ्या फ्रेटवर कॅपो लावून एचे शेप घेतो. तिथे मोकळी पाचवी तार काळी एक, म्हणजे सा. मोकळी सहावी आणि पहिली तार काळी चार, म्हणजे पा. कॉर्ड बदलत असताना अंगठ्यानं सा आणि पा वाजत ठेवता येतात, जणू मांडीवरच तंबोरा आहे. सी शार्पचा बार धरून हे करून दाखवा.

आणि "कुबडी" म्हणाल तर काकांच्या स्केल चेंजर पेटीचं काय? तिथे काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा संच सरकवून वाजवणारा आपली नेहमीचीच बोटं ठेवतो. त्याला कोणी कुबडी म्हणत नाही.

ऑर्केस्ट्रा_अकोला

चौथ्या फ्रेटवर ए शेप, हे मान्य. सा-पाचा मुद्दा चांगला आहे. पण मग आवाज बारीक होतो ना? बेस जातो.

सहा_तारा_यवतमाळ

जातो थोडा. बहुतेक गिटारींची तार नटपासून (मानेच्या टोकापासून) ब्रिजपर्यंत (तारा बांधतात तिथपर्यंत) साधारण ६५० मिलिमीटर असते. चौथ्या फ्रेटवर कॅपो लावला की सुमारे ५१६ उरते. तेवढी लहान तार तेवढाच बारीक आवाज. सातव्याच्या पुढे तर गिटार मेंडोलिनसारखी बोलायला लागते. ढोलक आणि पेटीचा खर्ज आधीच असतो, त्यामुळे भजनात ते बरंच असतं, दोघांच्या पायात पाय येत नाही. एकट्यानं गाताय तर पहिल्या फ्रेटवरचा सी शेप भरदार लागेल. दोन्ही वाजवून बघा आणि ज्याच्यावर गळा बसतो ते ठेवा.

पेटीवाला_दर्यापूर

कुबडीचं निघालं म्हनून सांगतो. १९४० साली आकाशवाणीनं पेटीवरच बंदी घातली होती. १९७१ परेंत. कारन काय त् पेटीचे सूर ठरलेले, मींड (सुरावरून सुरावर घसरत जानं) नाई, श्रुती (सुरांमधले बारीक सूर) नाई, परदेशी बाजा. बाजा परदेशी त् होताच, १८४२ साली पॅरिसात त्याचं पेटंट झालं. आज पेटीबिगर गावातलं एक भजन होत नाई. तवा ज्याले कुबडी म्हनायचं त्यानं म्हनावं, आमी वाजवतो.

बाकी गिटारचे पडदे बी ठरलेलेच हाय, पेटीसारखे. म्हनून या दोघाईचं पटते. सारंगीवाल्यासंग बसून पाय एकदा.

वडसा_पिटवाला

झाडीपट्टीच्या नाटकांत वाजवतो, म्हणून दोन शब्द. आमचा हंगाम दिवाळीनंतर चालू होतो तो होळीपर्यंत. रात्रभराचं नाटक, मधे लावण्या, मधे दुःखाचं गाणं, मधे कॉमेडीवाल्याचं. ऑर्गन, तबला, ढोलक स्टेजपुढे खड्ड्यात बसते आणि मी त्यांच्या बाजूला. गायक आणि गायिका एकामागून एक येतात, तालीम एकदाच झाली असते.

अकोलेवाले दादा आणि यवतमाळवाले सर, दोघंही बरोबर आहेत, फक्त वेगवेगळ्या वेळी. गाण्याच्या मधातच पट्टी बदलत असेल, शेवटचा अंतरा एक घर वर जात असेल, तर तिथे कॅपो कामाचा नाही. टाळ्या पडत असताना तुम्ही कॅपो सरकवत बसाल तर गायक पुढे निघून जाते. असं गाणं मी सुरुवातीपासून बारवर वाजवतो. बाकी ठिकाणी कॅपो.

आमचं खरं कसब वेगळंच आहे. रात्रीच्या गाण्यांची यादी हातात आली की कोणतं गाणं कोणत्या शेपनं घेतलं तर कॅपो कमीत कमी हलंल हे मी आधी बघतो. तुमचीच यादी घ्या : काळी एक, काळी तीन, काळी चार. पहिल्यावर सी शेप, चौथ्यावर डी शेप, पुन्हा पहिल्यावर जी शेप असं केलं तर हात सारखा नटाकडे. त्याऐवजी कॅपो चौथ्यावर ठोकून द्या. काळी एकला ए शेप, काळी तीनला डी शेप, काळी चारला ई शेप. कॅपो हललाच नाही. काळी पाच आली तरच तिसऱ्यावर न्या आणि जी शेप घ्या.

कोमल गंधाराच्या गाण्यालाही चौथंच चांगलं. ए मायनर धरला की काळी एक मायनर, डी मायनरनं काळी तीन मायनर, ई मायनरनं काळी चार मायनर. मी प्रत्येक शेपला कोणती पट्टी येते ते कागदावर लिहून गिटारच्या बाजूला, माझ्याकडच्या अंगाला चिकटवलं आहे. अंधारात दिसत नाही, पण लिहिता लिहिता पाठ झालं.

एक इशारा. आमच्याकडे वाजवताना "जी" बोलायची सवय लय. ऑर्गनवाल्यानं "हो जी" म्हटलं आणि नवीन पोरानं जी कॉर्ड वाजवली, हे झालेलं आहे. पट्टी नेहमी काळी-पांढरीतच विचारा.

मोर्शीचा_संत्रावाला

😂😂 "हो जी"

चौथ्या फ्रेटची आयडिया आजच वहीत लिहिली.

बाई_आमगाव

मी जिल्हा परिषद शाळेत शिकवते, गाते बऱ्यापैकी आणि गिटार कामापुरती येते. इथे सगळे पट्टी आधीच ठरली आहे असं धरून बोलताहेत. मला रोज उलटा प्रश्न पडतो : मुलांची पट्टी कोणती?

मी कॅपोच वापरते शोधायला. गाण्याचे शेप तेच ठेवायचे, समजा सीचे. आधी कॅपोशिवाय गाऊन घ्यायचं आणि गाण्यातला सगळ्यात खालचा सूर मुलांना ऐकू येईल असा लागतोय का ते बघायचं. नुसती कुजबुज होत असेल तर कॅपो एक घर वर. परत. खालचा सूर स्वच्छ आला की तिथेच थांबून सगळ्यात वरचा सूर गाऊन बघायचा. वर पोरं ओरडायला लागली तर एक घर खाली. मोठ्यांच्या पुस्तकातली पट्टी मुलांना खाली पडते, हा माझा नेहमीचा अनुभव. आपण शिक्षक आपल्या सोयीच्या पट्टीत प्रार्थना सुरू करतो आणि मग मुलं बेसूर आहेत म्हणतो.

आर्वीच्या भाऊंनी महिला मंडळालाही एकदा असं विचारून बघावं. काळी पाच ही एखाद्या जोरकस आवाजाच्या काकूंची पट्टी असू शकते, मागच्या बायकांची नसेलही.

आर्वीकडचा_गिटारवाला

सगळ्यांचे आभार. काल लावून बसलो. चौथ्या फ्रेटवर ए शेप, सा-पा मोकळे, मस्त वाटलं, काकांनी मान पण डोलावली. बाईंचं महिला मंडळाचं काकूंना विचारायची माझी हिंमत नाही, ते आईकडे दिलं आहे.

पण एक भानगड. गिटार मोबाइलच्या ट्युनरवर बरोबर लावली होती, तरी पेटीसोबत किंचित फाटतं. एका घराचा फरक नाही, त्याहून कमी. कॅपो एक घर वर केला तर फारच वर जातं. आणि कॅपो लावल्यावर जाड तार एकटी जास्तच वर जाते असंही वाटलं.

सहा_तारा_यवतमाळ

दोन वेगळे आजार आहेत.

पहिला पेटीचा. मोबाइलचा ट्युनर ए म्हणजे ४४० हर्ट्झ धरतो. जुन्या पेट्या अगदी ४४० वर असतीलच असं नाही, थोड्या वर किंवा खाली असतात. पेटीच्या आतली पत्ती (जिच्यातून सूर निघतो) काही आपण रोज घासणार नाही, म्हणून गिटारलाच जावं लागेल. काकांना मधल्या सप्तकातली पांढरी सहा दाबून धरायला सांगा, भाता एकसारखा. ट्युनर ॲपवर हर्ट्झचा आकडा बघा. ४४४ दिसला तर ॲपच्या सेटिंगमधे ४४० च्या जागी ४४४ टाका आणि सगळ्या तारा त्यावर लावा. २२० च्या आसपास दिसला तर ते खालचं सप्तक आहे, दुप्पट करा. कॅपो फक्त अख्खं घर सरकवतो, घरातल्या घरात सरकायचं काम खुंट्यांचंच.

दुसरा आजार कॅपोचा. कॅपो फ्रेटच्या धातूच्या पट्टीवर नाही, तिच्या लगत मागे, नटाच्या बाजूला बसवा. फार मागे नेला तर तार खाली वाकते आणि सूर चढतो, ऐन पट्टीवर ठेवला तर तार दबून मुकी होते. लावताना तारा बाजूला ओढल्या जाऊ देऊ नका, सरळ वरून ठेवा. स्वस्त गिटारमधे तारा फ्रेटपासून उंच असतात, तिथे हा चढ जास्त जाणवतो, जाड तारेला तर हमखास. म्हणून नियम असा की कॅपो लावल्यावर पुन्हा एकदा ट्युनर बघायचा. दरवेळी. सरकवला की परत.

ऑर्केस्ट्रा_अकोला

स्प्रिंगचा कॅपो त्यासाठीच मला आवडत नाही, दाब आपल्या हातात नसतो. स्क्रूवाला घ्या. तार खरखर न करता वाजेल एवढाच पिळा, जास्त नाही. लावायला दोन सेकंद जास्त लागतात, पण सूर कमी हलतो. आणि नायलॉन तारांची रुंद मानेची गिटार असेल तर तिची मान वरून सपाट असते, नेहमीचा वाकडा कॅपो मधल्या तारा सोडून देतो. तिला सपाट कॅपो मागा.

वडसा_पिटवाला

स्प्रिंगचा सरकवायला एका हाताचं काम, म्हणून मी तोच ठेवतो. घरी बसून वाजवत असाल तर स्क्रूवाला चांगला, दादांशी सहमत.

थंडीचं ध्यानात ठेवा. आमच्याकडे जानेवारीत पहाटे तीनला खड्ड्यात बसलं की तारा आखडतात आणि सूर चढतो. उन्हाळ्यात उलट, तार सैल पडून उतरतो. संध्याकाळी लावलेली गिटार मध्यरात्री तशीच राहील हा भरवसा नाही. आणि चंद्रपूरकडच्या मे महिन्यात, पारा पंचेचाळीसच्या वर असताना, टिनाच्या शेडमधे किंवा बंद गाडीत गिटार ठेवू नका. ब्रिजचा गोंद सुटतो. कॅपोचं रबर पण कडक होते, मग ते तारा धरत नाही.

मोर्शीचा_संत्रावाला

कॅपो हरवला तर पेन्सिल आणि सायकलच्या ट्यूबची पट्टी. पेन्सिल फ्रेटमागे आडवी, ट्यूब मानेभोवती ताणून दोन्ही टोकांना अडकवायची. सूर धड राहत नाही, गाणं धकते. लग्नात धकलं होतं.

ऑर्केस्ट्रा_अकोला

लग्नात काहीही धकते भाऊ.

आर्वीकडचा_गिटारवाला

काकांच्या पेटीची पांढरी सहा ४४३ च्या आसपास निघाली. ॲपमधे टाकून गिटार लावली, आता चिकटलं. मध्यमाची भैरवी पण झाली, बी सेव्हन न वाजवता.

शेवटचा प्रश्न. अकोलेवाल्या दादांनी विचारलं होतं की खाली जायचं तर कॅपो काय करणार. आमच्यातले एक आजोबा काळी एकपेक्षाही खाली मागतात, पांढरी सात. चौथ्यावर जी शेप घेऊन बघितला, जमतं, पण फार बारीक लागतं त्यांच्या घोगऱ्या आवाजाला.

सहा_तारा_यवतमाळ

दुसऱ्या फ्रेटवर ए शेप घ्या, पांढरी सातच येईल आणि बेस थोडा परत मिळेल. खाली जायचं म्हणजे दरवेळी सूर खाली नेणं नव्हे, ज्याचं मूळ खाली आहे असा शेप निवडून त्याला वर आणणं.

वडसा_पिटवाला

मी यापेक्षा सरळ करतो. गिटारच एक घर उतरवून ठेवली आहे, सहाही तारा. मग कॅपो न लावता सी शेप म्हणजे पांढरी सात, तुमच्या आजोबांची. आणि डी शेप म्हणजे काळी एक, तीही कॅपोशिवाय. मोकळी चौथी तार सा, मोकळी पाचवी पा, बेस पूर्ण. झाडीतल्या पुरुष गायकांचं अर्धं काम तिथंच होते. डीच्या घरात बी मायनर तेवढा बार लागतो, तो टाळता येते. तारा सैल झाल्यानं बोटांनाही आराम, फक्त फार जोरात ठोकू नका, तार फ्रेटवर आदळते.

पहिल्या फ्रेटवर कॅपो लावला की गिटार परत नेहमीच्या ठिकाणी.

आर्वीकडचा_गिटारवाला

म्हणजे वर सरांनी सांगितलेले सगळे फ्रेट बदलले का मग?

वडसा_पिटवाला

हो, उतरवलेल्या गिटारवर प्रत्येकात एक मिळवा. काळी चारला जी शेप पहिल्याऐवजी दुसऱ्यावर, काळी पाचला तिसऱ्याऐवजी चौथ्यावर. मध्यमाची भैरवी तिसऱ्यावर. आणि काकांच्या पेटीचं ४४३ ॲपमधे तसंच राहू द्या, तारा उतरवताना त्याच आकड्यावर उतरवा.